जुनी गाडी ठेवावी की काढावी? हिशेब लिटरमध्ये मांडून बघा

इंधनाचे दर चढले की दारातली जुनी गाडी अचानक डोळ्यांत खुपायला लागते. कालपर्यंत जिचं कौतुक चालायचं ती आज 'पेट्रोल पिणारी' ठरते. कोणी म्हणतं, काढून टाका, नवी घ्या, इंधनातच पैसे सुटतील. कोणी म्हणतं, जुनं ते सोनं, हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे. दोघंही अगदी ठासून बोलतात आणि दोघांच्याही हातात कागद-पेन नसतं.

माझी पेट्रोल गाडी सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती विकायचं जवळजवळ नक्की झालं होतं. मग एका रविवारी बसून हिशेब केला आणि विक्री बारगळली. तोच हिशेब इथे मांडते. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकतं, पण गणित हेच राहील.

सुरुवातीलाच एक युक्ती. इंधनाचा दर जागोजागी वेगळा आणि सतत बदलणारा. म्हणून या लेखात पैशांऐवजी लिटर हेच चलन धरू. क्लच बदलायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात तुमच्या पंपावर किती लिटर आलं असतं? क्लचचा खर्च तेवढे लिटर. नव्या गाडीची किंमत भागिले एका लिटरचा दर, ही झाली नव्या गाडीची लिटरमधली किंमत. आपण सगळी खटपट इंधन वाचवायला करतोय ना, मग प्रत्येक खर्च इंधनाच्याच मापाने मोजला की काय कशाला महाग पडतंय ते चटकन दिसतं.

आधी ॲव्हरेज मोजा

'आमची गाडी बारा देते' असं सांगणाऱ्याला 'कधी मोजलं होतं?' असं विचारून बघा. बहुतेक वेळा तो आकडा गाडी घेतली तेव्हाचा असतो, किंवा एखाद्या लांबच्या, मोकळ्या रस्त्याच्या प्रवासातला.

मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, पाइप आपोआप बंद झाला की थांबा, वर आणखी थेंबभरही नको. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी वापरा. टाकी अर्ध्याखाली गेली की पुन्हा शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर. असं लागोपाठ तीन-चारदा करा आणि सगळे किलोमीटर, सगळे लिटर एकत्र घेऊन भागा. एकाच वेळच्या मोजणीत पाइप कधी लवकर तर कधी उशिरा बंद होतो, त्याने आकडा हलतो.

माझा आकडा आला साडेसहा. मी नातेवाइकांना नऊ सांगत होते.

तहान जन्माची की आजारपणाची?

जुनी गाडी जास्त पिते याची कारणं दोन जातींची असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की निर्णय चुकतो.

पहिली जन्माची तहान. गाडी वजनाने जड आहे, इंजिन मोठं आहे, आकार खोक्यासारखा आहे, गिअर कमी आहेत. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे जातो आणि त्यात काही जोर वायाच जातो. यावर औषध नाही. मुळात पेट्रोलमधल्या उर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो, बाकीची बरीचशी उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. चाकांपर्यंत पोचलेल्यातही वजनाचा वाटा मोठा. प्रत्येक सिग्नलला तो जडपणा थांबवायचा आणि पुन्हा पळवायचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. हा नियम सगळ्याच गाड्यांना लागू आहे, पण खोक्यासारख्या गाडीला तो जास्त झोंबतो.

दुसरी आजारपणाची तहान. गाडी जन्मतः ठीक होती, पण काहीतरी बिघडलंय आणि कोणाचं लक्ष नाही. ही बरी होते, अनेकदा स्वस्तात.

माझ्या गाडीचं तसंच निघालं. गाडी गॅरेजमध्ये उभी केली तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी चारही चाकांजवळून फेरी मारली आणि प्रत्येक रिमजवळ तळहात नेला. "ताई, इकडे या. हे चाक बघा, आणि आता ते बघा." पुढचं डावं चाक इस्त्रीसारखं तापलं होतं, बाकी तीन कोमट. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा भाग, अडकला होता. पॅड डिस्कला सतत घासत होतं. म्हणजे कित्येक महिने मी एक ब्रेक दाबूनच गाडी चालवत होते. मग त्यांनी विचारलं, "तापमानाचा काटा मध्यावर येतो का?" मी म्हटलं, नाही, थोडा खालीच असतो, गाडी गरम होत नाही म्हणून मी खूशच होते. ते हसले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा राहून बसला होता. त्यामुळे इंजिन कधी पुरतं गरमच होत नव्हतं आणि गाडीचा संगणक 'अजून थंड आहे' असं समजून जास्त पेट्रोल सोडत होता.

दोन्ही कामांचा खर्च मिळून सुमारे ९० लिटर. ॲव्हरेज साडेसहावरून आठवर आलं. मी वर्षाला १०,००० किलोमीटर चालवते. आधी १,५३८ लिटर लागत होतं, आता १,२५०. वर्षाला २८८ लिटर वाचले, ९० लिटर खर्चून. कोणतीही नवी गाडी एवढ्या झटपट वसूल होत नाही.

म्हणून विकायचा विचार करण्याआधी एवढं बघून घ्या. टायरमध्ये हवा नीट आहे का? धुराड्याच्या तोंडाशी काळी काजळी जमते का? काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला असेल तर त्याची सवय करून घेऊ नका. ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहून पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करणारा छोटा भाग, बिघडला आणि तो बदलला तर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं.

उलट, 'एअर फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल' हा लाडका सल्ला कार्बोरेटरच्या काळातला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून पाहिलं, तेव्हा फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो अशा, गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेजमध्ये फरक दिसला नाही, फक्त गाडी वेग घ्यायला सुस्तावली. फिल्टर बदला जरूर, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

लिटरला किती किलोमीटर, हा आकडा फसवतो

आता एक कोडं. एका घरात दोन गाड्या, दोन्ही वर्षाला १०,००० किलोमीटर चालतात. एक लिटरला ८ देते, दुसरी १६. पैसे एकच गाडी बदलण्यापुरते आहेत. ८ वाली बदलून १० वाली घ्यायची, की १६ वाली बदलून २४ वाली? कशात जास्त इंधन वाचेल?

पहिल्यात दोनचा फरक, दुसऱ्यात आठचा. मन लगेच दुसरीकडे धावतं. पण भागाकार करा. ८ वाली १,२५० लिटर खाते, १० वाली १,०००. वाचले २५०. १६ वाली ६२५ खाते, २४ वाली ४१७. वाचले २०८. दोनचा फरक आठच्या फरकाला भारी पडला!

ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हाच घोटाळा दाखवून दिला. लोक ॲव्हरेजच्या आकड्यातली वाढ हीच बचत समजतात, आणि तसं ते नसतं. उपाय म्हणजे उलटा आकडा वापरायचा: १०० किलोमीटरला किती लिटर. मग ८ म्हणजे साडेबारा लिटर, १० म्हणजे १०, १६ म्हणजे सव्वासहा आणि २४ म्हणजे जेमतेम सव्वाचार. आता वजाबाकी सरळ होते.

यातून दोन गोष्टी निघतात. तुमची गाडी खरोखर खादाड असेल, आठच्या आसपास किंवा त्याखाली, तर थोडीशी सुधारणासुद्धा मोठी असते. आणि ती आधीच पंधरा-सोळा देत असेल, तर निव्वळ इंधनासाठी ती बदलणं हे बहुधा स्वतःला दिलेलं निमित्त आहे. नवी गाडी हवीशी वाटणं हा गुन्हा नाही, तेवढं कबूल केलं म्हणजे झालं.

आता खरा हिशेब

माझ्या गाडीचंच उदाहरण घेऊ. जुनी लिटरला ८, डोळ्यांसमोर असलेली नवी १६. वर्षाला १०,००० किलोमीटर. म्हणजे इंधनाचे ६२५ लिटर वाचणार. विक्रेत्याने हाच आकडा पुढे केला होता आणि तो खोटा नव्हताच.

समजा नव्या गाडीची किंमत १२,००० लिटर आहे आणि जुनीचे २,००० लिटर येतील. पदरचे घालायचे १०,०००. ते ६२५ ने भागले तर सोळा वर्षं. इथपर्यंत पुष्कळ जण येतात. पण १०,००० लिटरवर ७ टक्क्यांनी व्याज किती? पहिल्याच वर्षी ७००. म्हणजे इंधनात जे वाचतं त्याहून जास्त व्याजातच जातं! कर्ज न काढता रोख दिलेत तरी हा खर्च टळत नाही, कारण तेच पैसे ठेवीत राहिले असते तर त्यांनी काही कमावलं असतं.

अर्थात हेही अर्धंच चित्र, कारण जुनीला दुरुस्ती लागते. म्हणून प्रश्न जरा नीट विचारायचा: *जुनी गाडी आणखी एक वर्ष ठेवायला किती खर्च येईल, आणि नवी गाडी वर्षाला सरासरी किती खाईल?* 'जन्मभर ठेवू की आज विकू' असा प्रश्न नाहीच. दर वर्षी एकाच वर्षाचा विचार करायचा.

नव्या गाडीच्या खर्चात सर्वांत मोठी बाब पंपावर दिसतच नाही. ती म्हणजे घसारा, गाडीची किंमत दर वर्षी जेवढी उतरते तो आकडा. अंगणात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखं आहे हे. वापरा की नका वापरू, ती वितळणार, आणि सुरुवातीला सर्वांत जास्त वितळणार. जुनी गाडी म्हणजे तळाशी उरलेला लहानसा खडा, त्यातून जायचं असं फार काही शिल्लक नसतं.

नवी १२,००० ला घेऊन दहा वर्षांनी २,००० ला विकली, तर घसारा वर्षाला सरासरी १,०००. गुंतून पडलेल्या रकमेवरचं व्याज सरासरी ४९०. इंधन ६२५. सर्व्हिसिंग १५०. विम्याचा जुनीपेक्षा जास्तीचा हप्ता १५०. बेरीज २,४१५ लिटर.

जुनीला इंधन १,२५०. तिची किंमत वर्षभरात उतरेल २००. तिच्यात अडकलेल्या २,००० वर व्याज १४०. दुरुस्ती आणि देखभाल, गेल्या तीन वर्षांच्या बिलांची सरासरी, ५००. बेरीज २,०९०.

जुनी जिंकली, ३२५ लिटरने. शिवाय एक कामाची सीमारेषाही हाती लागली: दुरुस्तीचा वार्षिक खर्च ५०० वरून ८२५ च्या पलीकडे गेला की नवी स्वस्त.

पण मी तर याच्या दुप्पट चालवतो

मग उत्तर उलटू शकतं. वर्षाला २०,००० किलोमीटर धरा. जुनीचं इंधन २,५००, जास्त रपेटीमुळे दुरुस्ती ७०० होते, घसारा आणि व्याज मिळून ३४०. एकूण ३,५४०. नवीचं इंधन १,२५०, घसारा जरा वाढून १,१५०, व्याज ४९०, सर्व्हिसिंग २००, विमा १५०. एकूण ३,२४०. इथे नवी जिंकते.

आणि फक्त ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला जुनी गाडी सहाशेहून जास्त लिटरने स्वस्त पडते. म्हणजे गाडी किती पिते याच्याइतकंच ती किती चालते यालाही महत्त्व आहे. महिन्याला दोनदा बाहेर पडणारी खादाड गाडी हा खादाडपणाच नव्हे. उलट, रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा छोटासा दोषही वर्षअखेरीला डोंगराएवढा होतो.

इंधन आणखी महागलं तर?

इथे लिटरचं चलन उपयोगी पडतं. इंधन दीडपट महाग झालं की लिटरच्या मापात बाकी सगळं एक-तृतीयांशाने स्वस्त होतं. माझ्या १०,००० किलोमीटरच्या हिशेबात जुनीचा इंधनाखेरीजचा खर्च ८४० आहे, तो होतो ५६०. नवीचा १,७९० आहे, तो होतो १,१९३. इंधन मिळवून जुनी १,८१०, नवी १,८१८. जवळपास बरोबरी.

थोडक्यात, दर दीडपट होऊन तिथेच टिकले तर कुठे दोघी बरोबरीत येतात. दरात दहा टक्के वाढ झाली म्हणून गाडी विकायला धावणारा माणूस हिशेब न करता धावतोय.

अहो, पण मागच्याच वर्षी तिच्यावर एवढा खर्च केला!

हे जुनीच्या बाजूचं सर्वांत लोकप्रिय कारण आणि त्याला काहीही अर्थ नाही. गेलेला पैसा म्हणजे बुडीत खर्च. गाडी ठेवा नाहीतर विका, तो परत येणार नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही जणांना, कोणतीही निवड न करता, सवलत दिली, बाकीच्यांनी पूर्ण किंमत मोजली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमतवाल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच, फक्त खिशातून जास्त गेलं होतं म्हणून पाय थिएटरकडे वळत होते.

मात्र यातली एक बारीक गोष्ट सुटायला नको. गेल्या वर्षी घातलेला नवा क्लच अजून बरीच वर्षं चालणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तो खर्च येणार नाही. तो फायदा खरा आहे आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजात तो आपोआप धरला जातो. 'एवढे घातले म्हणून ठेवतो' आणि 'एवढं काम झालंय म्हणून आता काही वर्षं शांतता आहे' ही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. दुसऱ्यात हिशेब आहे, पहिल्यात फक्त हळहळ.

दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं आहे

हा उलट्या बाजूचा गैरसमज. गाडीचे येतील २,००० आणि इंजिनाचं काम निघालंय २,५०० चं, म्हणजे गाडी भंगारात, असा निकाल लोक सहज लावून टाकतात. चपलेचा अंगठा तुटला तर शिवायचे पैसे आपण जुन्या चपलेच्या भावाशी ताडून बघतो का? जुन्या चपलेला भाव कुठला! नव्या चपलेला किती पडतील, ते बघतो.

गाडीचंही तसंच. २,५०० चं काम करून गाडी आणखी चार वर्षं नीट चालणार असेल तर ते वर्षाला ६२५ पडलं. त्यात किरकोळ देखभाल मिळवून आकडा ८२५ च्या आत बसतो का ते बघा. बसत असेल तर काम करून घ्या. पण हे 'चार वर्षं' कोण सांगणार? गाडी उघडून बघितलेला, आणि शक्यतो काम मिळण्यात ज्याचा फायदा नाही असा माणूस. तपासणी एका गॅरेजमध्ये, काम दुसरीकडे, असं मी करते. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते.

एका गोष्टीपुढे मात्र मी हात टेकते, ती म्हणजे गंज. दरवाजाच्या कडेचा नव्हे, खालच्या चासीचा आणि सस्पेन्शन जिथे बसतं तिथला. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सांगाडाच खाल्ला गेला असेल तर बाकीचं सगळं उत्तम असून उपयोग नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर पुढचे आकडे मांडायची गरजच नाही.

नव्या गाडीत डोक्याला ताप नसतो

खरं आहे, आणि यालाही किंमत लावता येते. गेल्या वर्षात गाडी किती वेळा वाटेत बंद पडली? गॅरेजमध्ये किती दिवस होती? त्या दिवसांचं भाडं, बुडालेलं काम, सगळं लिटरमध्ये करून दुरुस्तीच्या आकड्यात टाका. ज्याची रोजीरोटी वेळेवर पोचण्यावर आहे, त्याच्यासाठी हा आकडा इतका मोठा होतो की बाकीचा हिशेब त्याच्यापुढे किरकोळ. ज्याच्या घरी दुसरं वाहन आहे त्याच्यासाठी जवळजवळ शून्य.

सुरक्षिततेचं काय?

इथे लिटरचं चलन मी बाजूला ठेवते. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा, तिला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची आहे. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ती नाही आणि मागाहून बसवताही येत नाही. तुमच्या गाडीत ही यंत्रणा नाही, एअरबॅगही नाहीत, आणि त्यात रोज मुलं बसून महामार्गावर जातात, अशी स्थिती असेल तर चार-सहाशे लिटरच्या फरकासाठी ती ठेवा असं मी म्हणणार नाही.

पण धोका नुसत्या गाडीच्या वयात नसतो, दुर्लक्षातही असतो. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार अंक असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होतं. कमी चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे टायर असेच झिजण्याआधी म्हातारे होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेही मुदतीत बदलावं लागतं.

आणि धुराचं?

एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून एवढा कसा? कारण पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि वजनात मोठा वाटा त्याचाच असतो. माझे ६२५ लिटर वाचले तर वर्षाला सुमारे १.४ टन धूर कमी. पण नवी गाडी बनवतानाच, पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच मिळून, कित्येक टन निघतात. ते ७ टन धरले तर फिटायला पाच वर्षं. वर्षाला ४,००० किलोमीटर चालवणाऱ्याला बारा वर्षं. विजेच्या गाडीत बॅटरीमुळे सुरुवातीचं ओझं जास्त असतं, पुढे ते किती लवकर फिटेल हे वीज कशापासून बनते यावर ठरतं.

शिवाय तुम्ही विकलेली गाडी नाहीशी होत नाही, दुसरा कोणी ती चालवतो. म्हणून तर अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या, खादाड गाड्यांच्या बदल्यात सवलत दिली तेव्हा एक विचित्र अट घातली. जमा झालेल्या गाडीचं ऑइल काढून इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि ते जाम होईपर्यंत इंजिन चालवायचं. जवळपास पावणेसात लाख इंजिनं अशी मारली गेली, तीही चालती.

हे सगळं कार्बन डायऑक्साइडचं. छातीत जाणारा धूर वेगळा. जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू मोडणारं यंत्र, निकामी झालं असेल तर ती शेजारपाजाऱ्यांना नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देते. तो बदलायचा नसेल तर 'जुनी ठेवून मी पर्यावरण वाचवतोय' असं म्हणू नये.

मधला रस्ता

नवीकोरी आणि सोळा वर्षांची यांच्यामध्ये चार-पाच वर्षांची वापरलेली गाडीही असते. बर्फाचा मोठा भाग पहिल्या मालकाच्या अंगणात वितळून गेलेला, ॲव्हरेज मात्र नव्याच्या जवळपास. माझ्या हिशेबात अशी गाडी बरेचदा नवीला हरवते, कधी कधी जुनीलाही.

अडचण एकच. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच धाटणीच्या कामासाठी. मुद्दा असा की गाडीची दुखणी विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. तुमच्या जुन्या गाडीची बाजारात जी किंमत येते तिच्यात हा संशय धरलेला असतो. पण तुम्हाला स्वतःला तर तिचं पान न् पान माहीत आहे. नीट ठेवलेली जुनी गाडी मालकाला बाजारभावापेक्षा जास्त मोलाची असते ती यामुळे, भावनेमुळे नव्हे. बरं, भावनाही असते, माझीही आहे, पण तिला मी हिशेबात शून्य लिटर धरलं आहे.

डॅशबोर्डमधली वही

त्या रविवारपासून गाडीच्या खणात एक शंभर पानी वही आहे. टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर, गॅरेजला गेले की काम आणि लिटरमधला खर्च. पहिल्या पानावर लाल पेनाने ८२५ लिहून ठेवलंय. पहिल्या वर्षी बेरीज ४६० आली, मागच्या वर्षी ५३०. यंदा सातव्या महिन्यातच ६१० झाली आहे, आणि मागच्या दोन टायरवरचे अंक मी परवाच वाचले.